आखूड पायाचा पूल

२०१७च्या एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, हिराबायाशी-सान माझ्या दारात उभ्या राहिल्या. तेरा वर्षांनी. कंपनी बंद पडली त्यानंतर आमची भेट नव्हती. नव्या वर्षाचं कार्ड तेवढं यायचं, तेही दोन ओळींचं. मी दार उघडलं तर ना नमस्कार, ना चौकशी. त्यांनी पिशवीतून एक घडी केलेली कागदी पिशवी काढली, उलगडली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"हे तू विकलंस?"

"काय विकलं? आधी आत तरी या."

"आधी उत्तर."

पिशवी ओसाकाच्या निप्पोनबाशी पेठेतल्या एका दुकानाची होती. तिकडे जुने व्हिडिओ गेम, त्यांचे कप, टोप्या विकणारी दुकानं आहेत, त्यांतलंच एक. पांढऱ्या कागदावर लाल ठिपक्यांनी पेठेचं नाव छापलेलं. हल्लीच्या पोरांना ही पायऱ्यापायऱ्यांची, जुन्या पडद्यावरच्यासारखी अक्षरं फार आवडतात. कॉफीच्या दुकानात दरपत्रकसुद्धा तशाच अक्षरांत लावतात. ‘निप्पोन’ची दोन अक्षरं आणि तिसरं ‘पूल’. त्या तिसऱ्या अक्षराच्या उजव्या पायावर हिराबायाशी-साननी नख टेकवलं.

"मोज."

मोजायची गरज नव्हती. पुलाचा उजवा पाय एका ठिपक्यानं आखूड होता. तेहेतीस वर्षांपूर्वी होता, अगदी तसाच.

"चोरानं चूकसुद्धा उचलली," त्या म्हणाल्या. "म्हणजे अक्षरं माझीच. ती कुणाकुणाच्या हातात होती, सांग बघू. कुसुनोसे-साहेब वारले. मी कुणाला दिली नाहीत. उरलं कोण?"

माझी बायको चहा घेऊन आली. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप होता तिथेच राहू दिला.

*

किनुए हिराबायाशी मूळच्या क्योतोतल्या निशिजिनच्या. किमोनोवर बांधायचे रेशमी पट्टे तिथे विणतात. सोळाव्या वर्षी त्या नक्षीचे आराखडे करणाऱ्यांच्या खोलीत बसल्या. चित्रकारानं काढलेला बगळा बारीक चौकटींच्या कागदावर उतरवायचा, एकेक चौकट रंगवत. एक चौकट म्हणजे मागावर एका धाग्याची उचल. चौकट चुकली की बगळा तिरळा. सतरा वर्षं त्यांनी हेच केलं. पुढे पट्टे खपेनात, गल्लीतले माग एकामागून एक गप्प झाले, आणि १९७९ साली त्या ओसाकाच्या पूर्वेकडे, आमच्या कुसुनोसे देन्को कंपनीत नोकरी मागायला आल्या. दिव्यांच्या ठिपक्यांनी अक्षरं दाखवणारे फलक आम्ही बनवायचो. दुकानांचे, बसथांब्यांचे, मासळीबाजाराचे.

"अक्षर चांगलं आहे का तुमचं?" साहेबांनी विचारलं म्हणे.

"नाही. चौकटी चांगल्या भरते."

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

सोळा उभ्या, सोळा आडव्या चौकटी आणि त्यात एक अक्षर, एवढंच काम. पण आमच्या लिपीत एकेका अक्षराला वीस-पंचवीस रेघा असतात, आणि दोन आडव्या रेघांमध्ये एक ओळ रिकामी सोडावी लागते, नाहीतर नुसता ठोकळा दिसतो. सोळा ओळींत आठ रेघा मावतात. ‘माप’ या अक्षराला आडव्या रेघा नऊ.

"मग एक खायची," त्या मला शिकवायच्या. "पण कुठली? पोटातली खायची, कडेची नाही. माणूस माणसाला कडेवरून ओळखतो, पोटात काय आहे ते कोण बघतंय! आणि दिवा काही कागदासारखा गुणी नसतो. पेटला की शेजारच्या चौकटीत सांडतो. तेव्हा कागदावर सुंदर दिसलं म्हणून हुरळू नकोस."

एक अक्षर झालं की त्या कागद बोळाच्या टोकाला टाचणीनं लावत, बारा पावलं मागे येत आणि डोळे बारीक करून बघत. बघून झालं की परत जाऊन एखादा ठिपका सरकवत. एखाद्या अक्षराच्या अशा वीस वीस फेऱ्या होत. पाच वर्षांत त्यांनी तीन हजार चारशे अक्षरं काढली. फलकाखालून जाणाऱ्या कुणालाही वाटलं नसेल की हे कुणीतरी बसून काढलंय. दिवे आपोआपच तसे लागतात, असंच लोकांना वाटतं.

मी १९८४च्या एप्रिलमध्ये लागलो. बावीस वर्षांचा होतो आणि पहिले तीन महिने कच्ची नोकरी. त्यांचा कागद समोर ठेवायचा आणि प्रत्येक ओळीतले ठिपके आकड्यांत बदलून यंत्रात भरायचे. एका अक्षराला चौसष्ट खुणा. मग ते सगळं चिपवर कायमचं कोरलं जायचं, आणि एकदा कोरलं की बदल नाही.

त्याच जूनमध्ये चारशे चिप कोरून झाल्यावर एक पत्र आलं. एका पुलाजवळच्या बाजारपेठेत आमचा नवा फलक लागला होता. तिथे राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, ‘तुमच्या पुलाचा उजवा पाय आखूड आहे. पूल पडेल.’ पेठेतले लोक हसले, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी मूळ कागद मागवला. कागद माझ्या कपाटात असायचे. मी काढून आणला. कागदावर त्या जागी ठिपका नव्हता.

"मी भरला होता," हिराबायाशी-सान म्हणाल्या.

"कागद काय म्हणतोय?" साहेब म्हणाले.

हिराबायाशी-साननी कागद उजेडात धरला, त्यावरून बोट फिरवलं. "इथे कुणीतरी खोडलंय."

खोलीतले सगळे हसले. कोण कशाला एक ठिपका खोडेल? दुसऱ्या दिवशी त्या मिठाईचा डबा घेऊन पेठेच्या मंडळाकडे गेल्या आणि कमरेत वाकून माफी मागून आल्या.

त्यानंतर त्या बदलल्या. प्रत्येक कागदाची छायाप्रत काढायच्या, प्रत्येक अक्षर दोनदा मोजायच्या, कागद कुणाच्या हातात गेला, किती वाजता परत आला ते वहीत टिपायच्या. बाहेरून आल्या की आपल्या टेबलावरची पेन्सिल जागेवर आहे का ते आधी बघायच्या. स्वतःचा कागदसुद्धा दुसऱ्याचा असल्यासारखा तपासायच्या. ऑफिसात त्यांना ‘गुप्त पोलीस’ नाव पडलं. मीही त्या नावानं हसायचो.

*

तर रविवारी दारात आलेल्या त्या ह्या बाई. मी नाही म्हटलं, शपथ घेतली, काही उपयोग झाला नाही.

"ठीक आहे. तू नाहीस तर शोधायला चल. येत नसलास तर तूच."

दुसऱ्या दिवशी आम्ही निप्पोनबाशीतल्या त्या दुकानात गेलो. दुकानदार टोपीवाला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्यानं सांगितलं की ही अक्षरं इंटरनेटवर फुकट मिळतात, कुणीही उतरवून घ्यावीत. संचाचं नाव ‘हातोबा’, म्हणजे धक्का, बोटीचा धक्का.

"फुकट?" हिराबायाशी-साननी माझ्याकडे बघितलं. "चोरीचा माल म्हणूनच फुकट वाटतात."

"नाही हो आजी, फार मेहनतीनं केलंय एका बाईनं. किती गेम बनवणारे वापरतात! हे गुळगुळीत अक्षर बघून बघून कंटाळलेत लोक. या अक्षराला कसं, हाड आहे."

"कुणाचं हाड ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

बनवणारी बाई पुढच्या महिन्यात एका छोट्या गेम-जत्रेत टेबल लावून बसणार होती. तोवर चार आठवडे हिराबायाशी-सान मला दर दोन-तीन दिवसांनी फोन करत. तिचं माहेर कुठलं? कुसुनोसे-साहेबांच्या नात्यातली आहे का? तुझी धाकटी मुलगी असलंच काहीतरी करते ना? माझी मुलगी दाताच्या डॉक्टरांकडे काम करते, हे मी तीनदा सांगितलं. "दाताच्या डॉक्टरकडे," त्या सावकाश म्हणायच्या, जणू त्यातही कुठेतरी पाणी मुरत होतं.

जत्रेत ती भेटली. नागिसा उचिउमी, चौतीस वर्षांची, जाड चष्मा, बाह्या सरसावलेल्या. टेबलावर चिकटपट्ट्या, गळ्यात अडकवायची ओळखपत्रं, आणि एका पडद्यावर दीपगृहाचा एक छोटासा गेम, सगळ्यावर आमची अक्षरं. हिराबायाशी-साननी आपलं नाव सांगितलं नाही.

"ही अक्षरं कुणी काढली?"

"खरं सांगू? माहीत नाही," नागिसा म्हणाली. "मी बेटावरची. शाळा पलीकडच्या बंदरात होती, त्सुबाकिउराला. शाळा साडेतीनला सुटायची आणि बोट पाच-दहाची. प्रतीक्षालयात एक लाल दिव्यांचा फलक होता. त्याच्याखाली उभी राहून मी ठिपके मोजून वहीत उतरवायचे. रोज तीन-चार अक्षरं. तीन वर्षं."

"बोटीच्या फलकावर किती अक्षरं असतात? बेटाचं नाव, वेळ आणि ‘वाऱ्यामुळे बोट रद्द’. तुझ्या संचात दोन हजार आहेत."

नागिसा हसली. "तिकीटवाले काका मला कळफलकावर हवं ते टाईप करू द्यायचे. गर्दी नसली की."

"काका."

"हो. ओनोगी-सान."

हिराबायाशी-साननी वहीत नाव लिहून घेतलं. मग तिनं ठेवलेली छापील यादी पुढे ओढली आणि पेन्सिलीनं खुणा करायला लागल्या. "माझं. माझं. हे माझं नाही. माझं. हे कुणी केलं? हातोडीनं केलंय का?"

तेव्हा कुठे नागिसाला कळलं समोर कोण उभं आहे ते. ती खुर्चीवरून उठली, तिचा चष्मा नाकावर घसरला. "तुम्ही..." एवढंच म्हणाली.

"जी फलकावर सापडली नाहीत ती मी केली," ती मग भरभर सांगायला लागली. "तुमच्यासारखी करायचा प्रयत्न केला. वाईट झालीत, माहीत आहे."

पेन्सिल यादीच्या शेवटाकडे पोचली आणि थांबली. ‘उदास’ या अक्षरावर. एकोणतीस रेघांचं अक्षर. ते सोळा चौकटींत बसवणं म्हणजे एका बाकावर अख्खं कुटुंब बसवणं. हिराबायाशी-साननी ते १९८५ मध्ये महिनाभर बसून काढलं होतं. साहेब म्हणाले होते, ‘दुकानाच्या पाटीवर उदास कोण लिहिणार?’ त्यामुळे ते चिपवर गेलंच नाही. कागद त्यांच्या खणातच राहिला. आणि इथे ते समोर होतं. दोन ठिपके सोडले तर सगळं तेच.

"हे फलकावर नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, ते मीच केलं." नागिसानं पिशवीतून एक जुनी वही काढली. त्या एका अक्षराचे सतरा प्रयत्न होते त्यात, सतरावं तेच.

"वही नंतरही लिहिता येते."

बाहेर आल्यावर त्या फुटपाथवर थांबल्या. "तो कागद दोघांनीच बघितला होता. मी आणि तू."

"हिराबायाशी-सान, मला त्या अक्षराच्या रेघासुद्धा आठवत नाहीत!"

"आंबटढाण उमेबोशी चावल्यासारखं तोंड नको करूस. आपण त्सुबाकिउराला जाऊ. ओनोगीला विचारू."

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ओकायामापर्यंत आगगाडीनं गेलो, तिथून बसनं. त्यांनी गडद निळा कोट घातला होता, हातात वही. मी कामावरच्याच पांढऱ्या शर्टात. बसमध्ये त्यांनी मला खायला गोळी दिली, ओसाकाच्या बायका देतात तशी, आणि म्हणाल्या, "ही काही समेटाची गोळी नाही."

बंदरात फलक नव्हता. चार वर्षांपूर्वी काढून भंगारात दिला, असं तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीनं सांगितलं. भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन तेवढा राहिला होता. ओनोगी-सान निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. घर चढावर, तिसरं.

ते अंगणात मासे वाळत घालत होते. ऐंशीच्या आसपास, काटक. हिराबायाशी-साननी वही उघडली.

"१९९८ ते २००१ या काळात तुम्ही एका शाळकरी मुलीला फलकाचा कळफलक वापरू देत होता का?"

त्यांचा चेहरा बंद झाला. खिडकीला पट्ट्या ओढतात तसा.

"कोण मुलगी? कुठला कळफलक? फलकाला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती."

"उचिउमी नावाची."

"या नावाचं इथे कुणी नाही."

हिराबायाशी-साननी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय होता आणि थोडं दुःखही. मला वाटतं, त्या मुलीवर विश्वास ठेवायची त्यांना आतून इच्छा होती. "पाहिलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "बेटावरची म्हणे."

आम्ही वळलो. तेवढ्यात घरातून ओनोगी-सानची बायको ओसरीवर आली, हातात बशी, बशीत व्हिनेगरमध्ये मुरवलेले छोटे मासे.

"उचिउमी म्हणजे ती नागिसा ना? फलकावर खेकड्यांची नावं लिहायची ती? अहो, त्या दिवशी बोटीची वेळ पुसून पोरीनं खेकडा लिहून ठेवला आणि सगळी शाळेची मुलं—"

"गप्प बस!" ओनोगी-सान ओरडले.

"का गप्प बसू? छान पोर होती."

"ऑफिसची माणसं आहेत ही! कोट बघ!" मग आमच्याकडे वळून ते घाईघाईनं म्हणाले, "एकदाच झालं ते. दोनदा. पेन्शनीवर काही होणार नाही ना?"

हिराबायाशी-सान हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी कंपनीत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी वही मिटली, कोट काढून हातावर घेतला, आणि आम्ही अंगणातल्या बाकावर बसून मासे खाल्ले. ओनोगी-सान मात्र शेवटपर्यंत आमच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. बोटकंपनीचा माणूस मासे खातो म्हणून काय झालं, असं त्यांना वाटत असावं.

*

परतीच्या बसला पाऊण तास होता. आम्ही प्रतीक्षालयात, त्या चार भोकांसमोर बसलो. समोर समुद्र सपाट. हिराबायाशी-सान म्हणाल्या, "उदासचं मला कळलं आता. सोळा बाय सोळात चांगली अशी जागाच किती असते? नीट शोधत गेलं तर तिथेच पोचतं माणूस. ती मुलगी पोचली." मग म्हणाल्या, "तुझ्यावर उगाच आळ घेतला."

ते ऐकून माझ्याच्यानं राहवेना.

"आळ खरा आहे," मी म्हणालो. "यातला नाही. पुलाचा."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"ठिपका तुम्ही भरला होता. यंत्रात भरताना मी ती ओळ चुकवली. साहेबांनी कागद आणायला सांगितलं तेव्हा कपाटापाशी उभं राहून मी ताडून पाहिलं. माझी कच्ची नोकरी होती. खोडरबर हाताशी होतं."

"बसमध्ये गोळी दिली म्हणून सांगतोस? म्हातारीला बरं वाटावं म्हणून?"

"नाही."

"मग कशावरून?"

या बाईंना मी गुन्हा कबूल करत होतो आणि त्या पुरावा मागत होत्या. त्यांना तसं मीच केलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या उमगलं. त्या दिवशी स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास मी पुसून टाकला, मग पुढची सगळी वर्षं बाकी कुणावर कसा राहणार?

"घासताना कागद फाटला," मी म्हणालो. "पातळ झाला आणि भोक पडलं. मी मागून तुकडा लावला. टिपकागदाचा, नखाएवढा. तांदळाच्या खळीनं."

त्यांचा हात मांडीवर होता. तर्जनी हळूच अंगठ्यावर घासली गेली, जणू तो तुकडा अजून बोटाला लागत होता.

"ते मी कुणाला बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "मागची बाजू. वाटलं, मीच कधीतरी चिकटवून विसरले असेन. मला वाटायचं, माझं डोकं चालत नाही. अडतिसाव्या वर्षी."

बस आली. त्या पुढच्या बाकावर बसल्या, मी मागे. ओकायामाला त्यांनी वेगळ्या डब्याचं तिकीट काढलं.

आठ महिने फोन नाही, नव्या वर्षाचं कार्ड नाही. मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. माझ्या बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तेहेतीस वर्षं तुला झोप कशी लागली?" आणि उठून भांडी घासायला गेली. लागली होती, हेच तर वाईट.

फेब्रुवारीत नागिसाचा फोन आला. ‘हातोबा’ची नवी आवृत्ती निघत होती आणि सोबतच्या टिपणात काय लिहायचं ते हिराबायाशी-साननी सांगितलं होतं, माझी हरकत आहे का, असं तिनं अडखळत विचारलं. टिपण वाचून दाखवलं. अक्षरं: किनुए हिराबायाशी. उरलेली: नागिसा उचिउमी. ‘पूल’ या अक्षरातला गळालेला ठिपका: योशिकाझु मिझोगुची.

"हरकत नाही," मी म्हणालो.

जुन्या पुलात मात्र नागिसानं ठिपका घातला नाही. घातला असता तर वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला असता, त्यांना तो आखूड पायच आवडतो. तेव्हा आता दोन्ही पूल मिळतात, पुरा आणि आखूड. परवा एका गेमवाल्यानं माझं नाव ऐकून माझ्याबरोबर फोटो काढला. मला तो फोटो बघवत नाही.

हिराबायाशी-सान आता दर मंगळवारी नागिसाकडे असतात. तिनं केलेली अक्षरं एकेक करून भिंतीला लावतात आणि खोली लहान असल्यामुळे जिन्यात जाऊन बघतात. नागिसा म्हणते, त्या आल्या की आधी कालच्या फाईलची तारीख तपासतात. घरून करून आणलेले कागद मात्र तिच्या हातात देतात, छायाप्रत न काढता.

२०१९च्या एप्रिलमध्ये, पहिल्याच तारखेला, नवे सम्राट येणार म्हणून नव्या युगाचं नाव जाहीर झालं तेव्हा दुपारी बारा वाजता माझा फोन वाजला. पलीकडे त्या दोघी एकदमच बोलत होत्या. नावातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. छापील अक्षरात पाय सरळ येतो, हातानं लिहिताना लोक तो वाकवतात. सोळा चौकटींत कुठला घ्यायचा, यावरून नाव कळल्या क्षणापासून जुंपली होती.

"आता तू सांग," हिराबायाशी-सान म्हणाल्या. "चित्र पाठवलंय. डावं की उजवं? बारा पावलं मागे जाऊन बघ."

मी फोन कपाटावर टेकवला, बोळातून मागे गेलो, डोळे बारीक केले. नीट बघून सांगितलं, डावं.

त्यांनी उजवं घेतलं.